होमस्टे, हापूसच्या पेट्या आणि कोकम: वेबसाइटसाठी कोणता बिल्डर घ्यावा?

पाखाडी
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं घर आहे. मागच्या अंगाला चार खोल्या काढल्यात, पाहुणे येतात. एप्रिल-मेमध्ये घरच्या कलमांचे हापूस पेटीने जातात आणि वहिनी वर्षभर आगळ, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ करते. आजवर सगळं व्हॉट्सॲपवर आणि ओळखीपाळखीवर चाललंय. खोल्या बुकिंग साइटवर आहेत, पण कमिशन कापून हातात येतं ते बघितलं की जीव जळतो.

आता स्वतःची वेबसाइट करायची आहे. विक्स, वर्डप्रेस, शॉपिफाय, झोहो, स्क्वेअरस्पेस अशा सगळ्या बिल्डरांचे, म्हणजे साइट बनवायच्या साधनांचे, व्हिडिओ बघितले. प्रत्येक व्हिडिओवाला आपलाच बिल्डर सर्वात सोपा म्हणतो, त्यामुळे उपयोग शून्य.

माझी गरज अशी आहे. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्ही. यूपीआयने पैसे घेता यावेत. हंगामात पेटीचा भाव दर आठवड्याला उतरतो, तो मोबाइलवरून बदलता यावा. आणि मुख्य म्हणजे हे वहिनीला एकटीला चालवता आलं पाहिजे, कारण मी नोकरीला चिपळूणला असतो. खर्च वर्षाला दहा-बारा हजारांच्या आत. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा.

तिरफळ
आधी विचारतो, राग नको. वेबसाइट लागतेच का? आमच्या पेट्या व्हॉट्सॲप बिझनेसवर जातात. कॅटलॉगमध्ये फोटो आणि भाव टाकायचा, गिऱ्हाईक तिथूनच विचारतं, क्यूआर पाठवला की पैसे जमा. गुगल मॅप्सवर प्रोफाइल केलंय, त्यावर लोक परीक्षणं लिहितात. खर्च काही नाही.

सुरंगी
तिरफळ, तुमचं गिऱ्हाईक जुनं आहे म्हणून ते चालतं. ज्याला तुमचा नंबरच ठाऊक नाही त्याने काय करायचं? आमच्याकडे वेळणेश्वरला येणारे निम्मे पाहुणे आधी गुगलवर शोधतात, खोलीचे आणि न्हाणीघराचे फोटो बघतात आणि मगच फोन करतात.

आणि फुकटच्या जागेबद्दल एक लक्षात ठेवा. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून पूर्वी एक पानाची वेबसाइट फुकट मिळायची. कोकणातल्या कितीतरी खानावळींनी आणि होमस्टेंनी तीच केली होती, पाट्यांवर पत्ते छापले होते. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सोय बंद केली. जूनपर्यंत पत्ता प्रोफाइलकडे वळवत होते, नंतर तेही थांबलं. छापलेल्या पाट्या वाया गेल्या.

तिरफळ
हे पटलं. पाटीवरचा पत्ता आपल्या मालकीचा हवा, एवढं मान्य. पण त्या पत्त्यामागे मोठी साइटच हवी असं मला अजून वाटत नाही.

गजालीकार
माका विचारशात तर आधी डोमेन, म्हणजे साइटचो पत्तो, स्वतःच्या नावार घ्या. बाकी काय ता मागसून बघूया.

चाकरमानी
गजालीकारांनी एका ओळीत सांगितलं, मी जरा विस्ताराने सांगतो, कारण हे जवळून बघितलंय. माझ्या आतेभावाचं कुडाळकडे काजूचं छोटं युनिट आहे. साइट ज्याने करून दिली त्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात नोंदवलं. दोन वर्षं सुरळीत गेली. मग त्या माणसाने हा धंदा सोडला, फोन उचलेना, आणि नूतनीकरणाची सूचना जाणार त्याच्याच ईमेलवर. डोमेन संपलं. खोक्यांवर, पावत्यांवर, लेबलांवर सगळीकडे तोच पत्ता! शेवटी नवं नाव घेऊन लेबलं पुन्हा छापावी लागली.

डोमेन म्हणजे सातबारा. घर गवंडी बांधेल, पण उतारा आपल्याच नावावर पाहिजे. नोंदणी करताना नाव, ईमेल, मोबाइल तुमचा. पासवर्ड वहिनीकडे आणि तुमच्याकडे. पैसे भरून बाकीचं काम कोणाकडूनही करून घ्या.

पाखाडी
चाकरमानी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी डोमेन बिल्डरकडूनच घेणार होतो, पहिलं वर्ष फुकट देतात म्हणून.

खळा
मी हेच काम करतो, मूळ राजापूरचा. फुकटच्या डोमेनमध्ये वाईट काही नाही, फक्त दुसऱ्या वर्षीचा दर आधी बघा. होस्टिंगचंही, म्हणजे साइट जिथे ठेवतात त्या सर्व्हरचंही, तसंच. जाहिरातीतला दर बहुतेकदा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यासाठी असतो आणि नूतनीकरणाला दुप्पट-तिप्पट होतो. डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) असलं की उद्या बिल्डर बदलला तरी डीएनएसमधल्या (पत्ता कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ते सांगणाऱ्या यादीतल्या) दोन नोंदी बदलून पत्ता नव्या साइटकडे वळवता येतो.

आता मूळ प्रश्न. ही नावं दोन जातींची आहेत. विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय, झोहो साइट्स यांत जागा, साधनं, सुरक्षा सगळं त्यांचं, तुम्ही भाडं भरता. दुरुस्तीची कटकट नाही, पण साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. विक्सची साइट विक्सवरच राहते. मजकूर आणि फोटो हाताने काढून नव्या ठिकाणी पुन्हा मांडावे लागतात.

वर्डप्रेस हे २००३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, होस्टिंग तुम्ही घ्यायचं. ते पटलं नाही तर सगळा बाडबिस्तरा दुसऱ्या होस्टिंगवर हलवता येतो. मात्र अद्ययावत ठेवणं आणि बॅकअप ही जबाबदारी तुमची. डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग असे वर्डप्रेसचे दोन पत्ते आहेत. पहिल्यावर तयार भाड्याची सेवा मिळते आणि दुसऱ्यावर ते सॉफ्टवेअर. व्हिडिओ बघताना ही गल्लत फार होते.

माझं मत वर्डप्रेसला. पाच वर्षांनी तुमचा धंदा कुठे असेल हे आज कळत नाही, तेव्हा हलवता येणारी गोष्ट घ्यावी.

मचवा
खळा, तुम्ही जाणकार म्हणून तुम्हाला ते सोपं. मी तारकर्लीला तीन खोल्या चालवतो आणि विक्सवर समाधानी आहे. माझी पहिली साइट वर्डप्रेसवर एकाने करून दिली होती, वीस-बावीस प्लगिन, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, टाकून. एक दिवस उघडली तर भलत्याच भाषेतल्या औषधांच्या जाहिराती! एक प्लगिन कित्येक महिने अपडेट केलेलं नव्हतं, तिथून कोणीतरी घुसलं होतं. ऐन डिसेंबरमध्ये, पर्यटक शोधत असताना. विक्सवर मला तसलं काही बघावं लागत नाही. फोटो ओढून टाकतो, झालं.

एक मात्र सांगतो. विक्सच्या एडिटरमध्ये टेम्पलेट एकदा निवडलं की त्याच साइटवर बदलता येत नाही, नवी साइट करावी लागते. त्यामुळे निवडताना घाई नको. फुकटच्या प्लॅनवर त्यांची जाहिरात आणि त्यांचाच पत्ता दिसतो, धंद्याला तो नकोच.

खळा
मचवा, दोष वर्डप्रेसचा कमी आणि वीस प्लगिन टाकून निघून गेलेल्याचा जास्त. २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून प्लगिन आपोआप अपडेट करायची सोय आहे. चार-पाचच प्लगिन ठेवावीत आणि रोजचा बॅकअप देणारं होस्टिंग घ्यावं. पण सांभाळणारं कोणीच नसेल तर भाड्याची जागा बरी, हे मी मान्य करतो.

रातांबा
माझं आगळ, अमृत कोकम आणि आमसुलांचं दुकान शॉपिफायवर आहे. दुकान म्हणून त्याच्याइतकं नीटनेटकं मी दुसरं बघितलं नाही. ऑर्डर, साठा, पत्ते, कुरियरची लेबलं सगळं एका जागी. पण हिशेब मांडून बघा. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही, म्हणून आपल्याला दुसरा गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, जोडावा लागतो आणि त्याबद्दल बेसिक प्लॅनवर शॉपिफाय आणखी २ टक्के घेतं.

समजा पेटी ४,००० रुपयांची. गेटवेचा दर २ टक्के धरला तर ८० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १४ रुपये ४० पैसे. शॉपिफायचे आणखी ८०. पेटीमागे पावणेदोनशे गेले, शिवाय महिन्याचं भाडं. ते भाडं जूननंतर पेट्या नसतानाही चालूच. माझा माल बारमाही आहे म्हणून मला परवडतं. नुसत्या आंब्याला नाही परवडणार.

थेट क्यूआरवर खात्यातून खात्यात आलेल्या यूपीआयला काही कापलं जात नाही, जानेवारी २०२० पासून. महिन्याला पंधरा-वीस ऑर्डर असतील तर गेटवेशिवाय सहज भागतं.

मचवा
कार्डाचंही सांगून ठेवतो. परदेशी सेवेचे पैसे आपोआप कापले जातील या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (हप्ता आपोआप कापायच्या परवानगीचे) नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. मँडेट नोंदवलेलं नसेल तर बँक हप्ता नाकारते, आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. मी वर्षाचे पैसे एकदम भरतो आणि तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवतो.

रातांबा
कागदपत्रांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. वहिनींच्या मालाला एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे ना? तो १४ आकडी क्रमांक लेबलावर लागतो, आणि साइटवरही दिसू दे, गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. बेळगाव किंवा बंगळूरला आगळ पाठवण्याआधी सीएला विचारा.

पेमेंट गेटवे खातं उघडून देण्याआधी साइटवर संपर्क, अटी, गोपनीयता आणि परतावा अशी पानं आहेत का ते तपासतात. ही पानं दुसऱ्याची उचलून चिकटवू नका. आंब्याचा परतावा आणि कपड्यांचा परतावा यांत फरक आहे. साका ही गोष्ट तुमच्या परतावा पानावर मराठीत आणि इंग्रजीत स्पष्ट हवी. फळ बाहेरून सोन्यासारखं, कापलं की आत पांढुरका स्पंजासारखा गर. तो बागायतदारालाही बाहेरून ओळखता येत नाही. मुंबईच्या माणसाला वाटतं फसवलं. आम्ही ओळखीच्या एका बागायतदाराच्या पानावर लिहिलंय: कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. तेव्हापासून त्याची भांडणं थांबली.

देवगडवाला
साका आमच्या देवगडला कमी असतो हो. :)

भाट्ये
सुरू झालं! रत्नागिरीचा आंबा कातळावरचा, त्याची चव न्यारी.

देवगडवाला
कातळ काय आमच्याकडे नाही?

सुरंगी
दोघांनाही गुहागरची पेटी पाठवा म्हणजे वाद मिटेल. पण यातून कामाची गोष्ट निघते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे येतात. ते चिन्ह साइटवर लावायचं तर बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. पाखाडी, ती नोंदणी करून घ्या. हापूसच्या नावाखाली बाजारात काय काय विकलं जातं ते आपण बघतोच.

पाखाडी
नोंदणीचं काम या पावसाळ्यात करतो. खोल्यांच्या बुकिंगचं कोणी सांगेल का? साइटवर तारीख निवडून लगेच पैसे भरायची सोय ठेवावी की नको?

मचवा
चार खोल्या आणि त्याच बुकिंग साइटवरही आहेत, तर सुरुवातीला नको. दोन्हीकडचं कॅलेंडर आयकॅलच्या लिंकने जोडता येतं, पण ते लगेच जुळत नाही, मध्ये काही तास जातात. लाँग वीकेंडला तेवढ्या वेळात एकच खोली दोघांना जाते. आणि दोन कुटुंबं सामानासकट ओसरीवर उभी! चौकशीचा फॉर्म आणि व्हॉट्सॲपचं बटण ठेवा. तारीख बघून वहिनी होकार देतील आणि आगाऊ रकमेचा क्यूआर पाठवतील.

नकाशाकडे मात्र लक्ष द्या. आमच्याकडे एकाच नावाच्या दोन वाड्या आहेत, पाहुणे रात्री भलत्याच वाडीत जायचे. संपर्काच्या पानावर गुगल मॅप्सचा प्लस कोड (जागेचा छोटा सांकेतिक पत्ता) टाका आणि मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचं त्या वळणाचा फोटो. एसटीने येणाऱ्यासाठी थांब्याचं नाव.

केळशीकर
माझा मुद्दा बिल्डरचा नाही, पण तो निवडताना उपयोगी पडेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात किती दिवस वीज नव्हती ते इकडच्यांना माहीत आहे. मोबाइलला रेंज नाही, माड आणि पोफळी आडव्या. आमची साइट चालू होती, कारण ती काही आमच्या घरात नव्हती. पण तिच्यावर काय लिहायचं ते आम्ही इथून लिहू शकत नव्हतो आणि पाहुण्यांच्या चौकश्या येत होत्या. मुंबईतल्या धाकट्या भावाकडे लॉगिन होतं. त्याने पहिल्याच पानावर लिहिलं की घरची माणसं सुखरूप आहेत, बुकिंग बंद आहे, आगाऊ रक्कम परत मिळेल. त्या चार ओळींनी आमची गिऱ्हाइकं टिकली. त्यातली काही अजून दरवर्षी येतात.

म्हणून बिल्डर कोणताही घ्या, त्यात दुसऱ्या माणसाला स्वतंत्र लॉगिन देता येतं का ते बघा. तो माणूस कोकणाबाहेर राहणारा असू दे.

पाखाडी
केळशीकर, वाचून थांबलो जरा. माझी बहीण ठाण्याला असते, तिला देता येईल.

अनंतमूळ
मी फक्त मराठीबद्दल बोलणार आहे. टेम्पलेट बघताना इंग्रजी मजकुरावर भुलू नका. त्यात स्वतःचा मराठी परिच्छेद चिकटवा आणि मोबाइलवर बघा. बहुतेक सुंदर टेम्पलेटांच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच, मग फोन हाताशी असेल तो फॉन्ट दाखवतो आणि मथळ्यातल्या वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत. ते निवडता येतात का पाहा आणि ओळींमधलं अंतर वाढवा. जुनं पत्रक श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात) टाइप केलेलं असेल तर ते कॉपी करून चालणार नाही, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा.

दोन भाषा एकाच पानावर खाली-वर कोंबू नका. मराठीचं पान वेगळं, इंग्रजीचं वेगळं. आणि मराठीचं पान इंग्रजीचं भाषांतर करून लिहू नका, वहिनी बोलतात तसं लिहा. आगळाचं सरबत कसं करायचं, आमसूल सोलकढीत किती घालायचं, हे त्यांच्याकडून ऐकून लिहाल तर लोक वाचतील.

तिरफळ
फोटो फोनमधून थेट चढवू नका, एवढी माझी भर. एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो आणि आपल्याकडे डोंगराच्या कुशीत नेटवर्क कसं असतं ते सांगायला नको. लहान करून टाका, दोनशे केबीच्या आत. आणि खोल्यांचे फोटो ऑक्टोबरात काढा. पाऊस संपलेला असतो, हिरवळ असते आणि उजेड स्वच्छ असतो.

सुरंगी
तिरफळ, वेबसाइट नको म्हणता म्हणता तुम्हीच सर्वात कामाचं सांगताय.

खळा
पाखाडी, आता निवडीकडे येऊ. व्हिडिओ बघणं थांबवा. दोन बिल्डर नक्की करा, चाचणीचा काळ वापरा आणि तुम्ही हात लावू नका. फोन वहिनींच्या हातात द्या आणि तीन कामं सांगा: पेटीचा भाव बदला, फणसपोळी संपली असं दाखवा, एका खोलीचा नवा फोटो टाका. ज्यात त्या कोणाला न विचारता ही कामं करतील तो तुमचा बिल्डर. मग तो माझ्या आवडीचा असो वा नसो.

पाखाडी
करून बघितलं मंडळी, रविवारी. विक्स आणि वर्डप्रेस-वूकॉमर्स (वर्डप्रेसचं दुकानाचं प्लगिन). भाव बदलणं वहिनीला दोन्हीकडे जमलं. विक्सवर पानाची मांडणी तिने पटकन केली, वर्डप्रेसला तिथे वेळ लागला. पण वर्डप्रेसची आतली भाषा मराठी करून दिल्यावर तिचा चेहराच बदलला. "अद्ययावत करा" बघून ती बेधडक बटणं दाबायला लागली. वूकॉमर्सचं काही काही इंग्रजीत राहतं, तेवढं तिने वहीत उतरवून घेतलं.

म्हणून असं ठरवतोय. वर्डप्रेस, मोजकी प्लगिन, रोजच्या बॅकअपचं होस्टिंग, नूतनीकरणाचा दर बघून. खोल्यांना फक्त चौकशीचा फॉर्म. आंब्याला या हंगामात क्यूआर, गेटवे नाही, आणि पेट्या मुंबई-पुण्यापुरत्याच. वहिनीचा माल दुकानाच्या रूपात, आधी महाराष्ट्रात. बहिणीला लॉगिन. होस्टिंग आणि डोमेन मिळून बजेटात बसतंय.

नावाचं मात्र अडलंय. वहिनी म्हणते मराठीत घे, डॉट भारत.

अनंतमूळ
डॉट भारत २०१४ पासून मिळतं, मराठीतही चालतं. हौसेने जरूर घ्या, पण मुख्य पत्ता म्हणून नको. ईमेलसाठी अजून सगळीकडे धड चालत नाही आणि फोनवर सांगितलेला पत्ता समोरचा रोमन अक्षरांतच टाइप करतो. डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या आणि डॉट भारत त्याकडे वळवा.

चाकरमानी
आणि नाव गावाचं किंवा घराचं ठेवा, नुसतं आंब्याचं नको. खोल्या बारा महिने भरायच्या आहेत. फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येतं का ते दोघा-तिघांवर करून बघा.

गजालीकार
घेतलास काय डोमेन? कोणाच्या नावार?

पाखाडी
आत्ताच घेतलं, डॉट इन. वहिनीच्या नावावर, तिच्याच ईमेलवर.

खळा
छान. पडताळणीचा ईमेल आला असेल तर त्यातली लिंक आजच दाबायला सांगा, राहून गेली तर रजिस्ट्रार डोमेन थांबवून ठेवू शकतो. स्पॅममध्येही बघा. होस्टिंग घेतलंत की इथे लिहा, डीएनएसच्या नोंदी कशा भरायच्या ते सांगतो.